नाडी लागत नाही, तरी माणूस जिवंत

आजाऱ्याच्या उशाशी गेलेला मनुष्य प्रथम काय करतो? तो डॉक्टर असो, वैद्य असो, की शेजारची अनुभवी आजीबाई असो, त्याचा हात आपोआप मनगटाकडे जातो. नाडी लागली की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो; ती लागेनाशी झाली की धर्मगुरूकडे माणूस धावतो. पिढ्यान्‌पिढ्या आपण जीविताची हीच खूण मानीत आलो आहोत. आणि आज जगात अशी हजारो माणसे वावरत आहेत की ज्यांचे मनगट दाबून पाहिले तर बहुधा काहीच हाती लागत नाही. तरीही ती चालतात, बोलतात, बाजारहाट करतात आणि नातवंडांना गोष्टी सांगतात. त्यांच्या छातीत हृदयाशेजारी एक लहानसा पंप बसविलेला असतो. तो धडधडत नाही, अखंड फिरत राहतो.

हा विषय आज घेण्याचे कारण एका वाचक भगिनीचे पत्र. त्यांच्या थोरल्या भावाचे हृदय अतिशय अशक्त झाले असून मोठ्या शहरातील डॉक्टरांनी असा पंप बसविण्याचा पर्याय सुचविला आहे. भाऊ म्हणतात, "मला हे नको." मुलगे म्हणतात, "शेत विकू, पण बाबांना यंत्र बसवू." भगिनी विचारतात : यंत्र नाकारणे म्हणजे जीव देण्यासारखे पाप ठरेल काय? आणि ते बसविल्यावर पुढे कधी बंद करण्याची वेळ आली, तर तो दोष कोणाच्या माथी? प्रश्न एका घराचा असला तरी उद्या तो कोणाच्याही ओसरीवर येऊन बसेल. म्हणून नावगाव न देता त्याचे उत्तर येथे देत आहे. परंतु न्याय सांगण्यापूर्वी वस्तू काय आहे हे समजून घेतले पाहिजे. नाहीतर उपदेश हवेत राहतो.

हृदय हा मुठीएवढा स्नायू. तो दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावतो आणि मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त पुढे ढकलतो. हिशेब केला तर चोवीस तासांत सात हजार लिटरांच्या वर काम होते. विहिरीवरच्या मोटारीला आपण अधूनमधून विसावा देतो. या मोटारीला विसावा नाही. तिचे चार कप्पे असतात. त्यांपैकी डावीकडचा खालचा कप्पा, ज्याला शास्त्रात डावी जवनिका म्हणतात, तो सर्वांत बलवान असतो; कारण डोक्यापासून पायाच्या नखापर्यंत रक्त पोचविण्याचा भार त्याच्यावर असतो.

हा कप्पा थकला की "हृदय निकामी होत चालले" असे डॉक्टर म्हणतात. याचा अर्थ हृदय एकाएकी बंद पडले असा नव्हे. ते चालते, परंतु देहाला जेवढे रक्त हवे तेवढे पुरवू शकत नाही. मग पायांवर सूज येते, जिना चढताना दम लागतो, रात्री उताणे झोपले की श्वास कोंडतो आणि रोगी उशांवर उशा रचून बसल्या बसल्या रात्र काढतो. यामागे कारणे अनेक असतात : हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबून आलेला झटका, वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिलेला रक्तदाब, मधुमेह, दारू, हृदयाच्या स्नायूचेच काही आजार, आणि आपल्या देशात अजूनही आढळणारे एक कारण म्हणजे लहानपणी घसा येऊन पुढे सांधेतापाने बिघडलेल्या हृदयाच्या झडपा.

बहुतेकांचा आजार औषधांनी आटोक्यात राहतो. गेल्या काही दशकांत औषधे पुष्कळ सुधारली आहेत आणि ती नियमाने घेणाऱ्यांना आयुष्याची वर्षे वाढवून मिळतात. तथापि काही थोड्यांच्या बाबतीत सगळी औषधे चालू असूनही हृदय खचतच जाते. पूर्वी अशा वेळी डॉक्टर हात जोडीत. आज त्यांच्यापुढे दोन वाटा आहेत : दुसऱ्याचे हृदय बसविणे, किंवा स्वतःच्या हृदयाला यंत्राचा आधार देणे.

ही दुसरी वाट एका दिवसात तयार झाली नाही. दुसऱ्या महायुद्धात हॉलंड देश जर्मनांच्या ताब्यात असताना विल्लेम कोल्फ नावाच्या तरुण डॉक्टराने १९४३ साली कृत्रिम मूत्रपिंड तयार केले. सॉसेज भरण्यासाठी वापरतात ती सेलोफेनची नळी त्याने रक्त गाळण्यासाठी वापरली. देहातील एका अवयवाचे काम यंत्राने करता येते, हे त्यामुळे सिद्ध झाले. पुढे दहा वर्षांनी, ६ मे १९५३ रोजी, अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी डॉ. जॉन गिबन यांनी अठरा वर्षांच्या एका मुलीच्या हृदयातील छिद्र बुजविले. त्या वेळी सव्वीस मिनिटे तिच्या हृदयाचे व फुप्फुसांचे सारे काम शस्त्रक्रियागृहातील यंत्र करीत होते. गिबन यांनी या यंत्रासाठी आयुष्याची जवळजवळ वीस वर्षे वेचली होती आणि त्यांच्या पत्नी मेरी प्रयोगशाळेत त्यांच्या बरोबरीने राबल्या होत्या.

सव्वीस मिनिटे साधली, मग दिवस का साधू नयेत? १९६६ साली ह्यूस्टन येथे डॉ. मायकेल डीबेकी यांनी शस्त्रक्रियेनंतर खचलेल्या एका स्त्रीच्या हृदयाला बाहेरून पंप जोडून दहा दिवस आधार दिला. तेवढ्या विसाव्याने तिचे हृदय सावरले, पंप काढला आणि ती घरी गेली. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. थकलेल्या हृदयाला कधी कधी फक्त विश्रांती हवी असते, हे तिने दाखविले.

त्यानंतरच्या वर्षी, ३ डिसेंबर १९६७ रोजी, दक्षिण आफ्रिकेत केप टाऊन येथे डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी एका माणसाचे हृदय दुसऱ्याला बसविले. रोगी अठरा दिवस जगला. लागलीच फेब्रुवारी १९६८ मध्ये आपल्या मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीही हृदयारोपण केले. रोगी काही तासच जगला, परंतु त्या काळी असे धाडस करणारे शल्यविशारद जगात बोटांवर मोजण्याइतके होते. पुढे देह परक्या हृदयाला झिडकारतो त्यावर औषधे निघाली, १९९४ साली आपल्या देशात अवयवदानाचा कायदा झाला आणि त्याच वर्षी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल यांनी यशस्वी हृदयारोपण केले. आज हृदयारोपण झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक दहा वर्षांपेक्षा जास्त जगतात. अडचण एकच : हृदय द्यावयास कोणीतरी आधी गेलेला असावा लागतो, आणि देणारे थोडे, घेणारे पुष्कळ.

म्हणून कित्येकांनी अख्खे हृदयच यंत्राचे करावे असा चंग बांधला. २ डिसेंबर १९८२ रोजी अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथे डॉ. विल्यम डीव्ह्रीज यांनी बार्नी क्लार्क नावाच्या एकसष्ट वर्षांच्या दंतवैद्याचे निकामी हृदय काढून त्या जागी 'जार्विक-७' हे कृत्रिम हृदय बसविले. या कामामागे तेच कोल्फ उभे होते. क्लार्क ११२ दिवस जगले. परंतु ते दिवस सुखाचे नव्हते. आकडी आली, रक्तस्राव झाला, यंत्राची झडप मोडली. हृदयाला हवेचा दाब पुरविणारे यंत्र दीडशे किलोंहून अधिक वजनाचे होते, आणि त्या यंत्राशी ते नळ्यांनी जखडलेले होते. अखेरीस देहातील इतर अवयव एकामागून एक मिटत गेले, तेव्हाही पंप मात्र चालूच होता. तो माणसाच्या हाताने बंद करावा लागला. दुसरे एक गृहस्थ असेच हृदय घेऊन ६२० दिवस जगले, पण त्यांना पक्षाघाताने ग्रासले.

या अनुभवातून विज्ञानाने दोन धडे घेतले. पहिला असा की, आजारी हृदय काढून टाकण्याऐवजी ते जागेवर ठेवून त्याला हातभार लावावा. बैल थकला तर त्याच्या जोडीला दुसरा बैल जुंपावा, तसे हे झाले. दुसरा धडा अधिक नवलाचा होता. हृदय ठोके देते म्हणून पंपानेही ठोके दिलेच पाहिजेत असे नाही, हे ध्यानात आले.

त्याची कथा ऐकण्यासारखी आहे. रिचर्ड वॉम्प्लर नावाचे अमेरिकन डॉक्टर १९७६ साली वैद्यकीय सेवेसाठी इजिप्तमध्ये गेले होते. तेथे त्यांनी शेतकऱ्यांना जुन्या पद्धतीने पाणी उपसताना पाहिले. एका तिरप्या नळकांड्यात मळसूत्रासारखी पाती असतात. दांडा फिरवीत राहिले की पाणी पात्यांवरून चढत चढत वर येते. आर्किमिडीजच्या नावाने ओळखले जाणारे हे साधन दोन हजार वर्षांहून जुने आहे. आमच्याकडे मोट होती, रहाट होता. त्यांच्याकडे हे होते. मोटेचे पाणी हबक्याहबक्याने येते, मळसूत्राचे पाणी संथ, अखंड येते. रक्तही असेच का उपसू नये, हा विचार वॉम्प्लरांच्या मनात आला. त्यातून त्यांनी पेन्सिलीएवढ्या जाडीचा एक पंप तयार केला आणि १९८८ साली ह्यूस्टन येथे तो प्रथम माणसाच्या देहात वापरला गेला. इतक्या वेगाने फिरणाऱ्या पात्याने रक्तातील कण चिरडले जातील, असे मोठमोठे जाणकार म्हणत होते. तसे घडले नाही.

त्या कल्पनेचे वारस म्हणजे आजचे पंप. सध्या जगभर वापरात असलेला 'हार्टमेट ३' हा पंप सुमारे दोनशे ग्रॅम वजनाचा आहे. त्याचे एक टोक डाव्या जवनिकेच्या शेंड्यात बसविलेले असते आणि दुसऱ्या टोकाची नळी महारोहिणीला, म्हणजे देहाच्या मुख्य रक्तवाहिनीला जोडलेली असते. आत एक चक्र मिनिटाला पाच-सहा हजार फेरे घेते. हे चक्र कशालाही टेकलेले नसते, चुंबकाच्या शक्तीने अधांतरी तोलून धरलेले असते. त्यामुळे झीज नाही, घर्षण नाही, आणि रक्ताच्या गुठळ्या होण्याचे भयही पूर्वीच्या पंपांपेक्षा पुष्कळ कमी. रक्त सलग वाहते म्हणून मनगटात ठोका बहुधा लागत नाही. छातीला कान लावला तर ठोक्यांऐवजी बारीक गुणगुण ऐकू येते.

आता लाभ किती, हे आकड्यांनी पाहू. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत हृदयारोपणास अपात्र ठरलेल्या १२९ अत्यवस्थ रोग्यांचे दोन गट केले होते. नुसत्या औषधांवर राहिलेल्यांपैकी शेकडा २५ जण वर्षअखेर जिवंत होते. त्या काळचा, ठोके देणारा पंप बसविलेल्यांपैकी शेकडा ५२. दोन वर्षांनी हे आकडे ८ आणि २३ असे उरले. म्हणजे लाभ खरा, पण तोकडा. जंतुसंसर्गाने आणि यंत्र बिघडल्याने अनेक दगावले. अखंड फिरणारे पंप आल्यावर चित्र पालटले. २००९ सालच्या चाचणीत असा पंप घेतलेल्यांपैकी शेकडा ५८ जण दोन वर्षे जगले. चुंबकी पंपाच्या चाचणीचे पाच वर्षांचे निकाल २०२२ साली आले, त्यांत शेकडा ५८ जण पाच वर्षांनंतरही हयात होते. या चाचणीचे प्रमुख भारतात जन्मलेले डॉ. मनदीप मेहरा होते. ज्यांच्यापुढे एरवी काही महिनेच उरलेले असतात, त्यांच्या बाबतीत हा आकडा लहान नव्हे. परंतु त्याचाच दुसरा अर्थ असाही की शंभरांतील बेचाळीस जण पाच वर्षांच्या आत गेले. दोन्ही अर्थ घरात मोठ्याने बोलले गेले पाहिजेत.

या पंपासह जगणे कसे असते? पंपातून निघालेली एक वायर पोटाच्या कातडीतून बाहेर येते. ती कमरेच्या नियंत्रक पेटीला जोडलेली असते आणि पेटीला दोन बॅटऱ्या. भरलेल्या बॅटऱ्या दहा ते सतरा तास पुरतात. रात्री निजताना घरातील विजेवर जोडून घ्यावे लागते. वायर जेथून बाहेर येते ती जखम कायमची असते. तेथे जंतू शिरू नयेत म्हणून नेमाने, स्वच्छ हातांनी ड्रेसिंग करावे लागते. नदीत, विहिरीत, समुद्रात पोहणे कायमचे बंद. आंघोळही डॉक्टरांच्या परवानगीने, पेटी झाकूनच. रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर, आणि तिचे प्रमाण बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी वारंवार रक्ततपासणी. गोळी कमी पडली तर गुठळी होऊन पक्षाघाताची भीती. अधिक झाली तर आतड्यांतून वा नाकातून रक्तस्राव. शिवाय पंप डाव्या बाजूला हात देतो. उजवी बाजूही खचली तर पुन्हा नवे संकट.

आमच्या खेड्यापाड्यांत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी : वीज. ज्या घरी पावसाळ्यात दोन दोन दिवस दिवे जातात, त्या घराने भरलेल्या जादा बॅटऱ्या, इन्व्हर्टर वा जनरेटर आणि जवळच्या वीजकार्यालयाशी बोलणे, ही तयारी आधीच केली पाहिजे. शेजाऱ्यांना आणि गावच्या डॉक्टरांनाही सांगून ठेवावे. कारण अनोळखी डॉक्टर नाडी नाही म्हणून माणूस गेला असे समजण्याचा धोका असतो. अशा रोग्याने खिशात सदैव चिठ्ठी बाळगावी : "मला हृदयाचा पंप बसविला आहे, नाडी लागणार नाही, अमुक रुग्णालयाला कळवा."

आणि हे सारे कोण करणार? ड्रेसिंग, बॅटऱ्या, गोळ्यांच्या वेळा, रात्री पेटीने भोंगा वाजविला की दचकून उठणे, यातील मोठा वाटा घरच्या स्त्रीवर येतो. रुग्णालये पंप बसविण्यापूर्वी "घरी सांभाळणारे कोण?" असे विचारतात ते उगीच नव्हे. मुलगे शेत विकण्याची भाषा करतात तेव्हा त्यांनी घरात बसून हेही ठरवावे की रात्री भोंगा वाजला तर कोण उठेल.

तथापि केवळ अडचणी सांगून मी कोणाचे मन खचवू इच्छीत नाही. इंग्लंडमधील पीटर हॉटन यांचे उदाहरण पाहा. मरणाच्या दारी असलेल्यांना धीर देण्याचे काम ते स्वतः करीत असत. पुढे त्यांचेच हृदय निकामी झाले. जून २००० मध्ये ऑक्सफर्ड येथे डॉ. स्टीफन वेस्टबी यांनी त्यांना 'जार्विक २०००' हा पंप कायमचा म्हणून बसविला. विजेची जोडणी कानामागील हाडात केलेली होती. काही आठवड्यांचे सोबती समजले गेलेले हे गृहस्थ साडेसात वर्षे जगले. त्यांनी लेखन केले, लांब पल्ल्याची पदयात्रा करून इतर रोग्यांसाठी निधी जमविला. मात्र त्यांनी हेही प्रांजळपणे सांगितले की, पंपानंतर आपल्या भावना काहीशा थंडावल्यासारख्या वाटतात. हे यंत्रामुळे, की दीर्घ आजारामुळे, की मरणाच्या उंबरठ्यावरून परतल्यामुळे, कोण सांगणार?

येथे एक शंका साहजिक उद्भवते. प्रभू येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आपल्या घराघरांत आहे. हृदय म्हणजे प्रेमाचे माहेर, असे आपण बाळपणापासून शिकलो. मग ज्याचे हृदय यंत्राच्या आधाराने चालते, त्याचे प्रेमही उसने काय? हाच प्रश्न बार्नी क्लार्क यांच्या पत्नीने डॉक्टरांना विचारला होता : हृदय काढल्यावर ते माझ्यावर प्रेम करू शकतील ना? क्लार्क शुद्धीवर आले तेव्हा, हृदय नसले तरी माझे तुझ्यावर प्रेम आहे, असे त्यांनी पत्नीला सांगितल्याचे त्यांचे डॉक्टर सांगत. पवित्र शास्त्रात हृदय हा शब्द येतो तो माणसाचे अंतरंग, त्याची बुद्धी आणि इच्छा या अर्थाने. यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथात परमेश्वर पाषाणाचे हृदय काढून मांसाचे हृदय देण्याचे वचन देतो, तेव्हा तो शस्त्रक्रियेविषयी बोलत नाही. धडधडणाऱ्या छातीची कित्येक माणसे पाषाणहृदयी असतात. नाडी ही जीविताची एक खूण आहे, जीवित नव्हे.

आता भगिनीच्या पहिल्या प्रश्नाकडे वळू : यंत्र नाकारणे हे पाप काय?

याचे उत्तर ख्रिस्तसभेने फार पूर्वी दिले आहे. २४ नोव्हेंबर १९५७ रोजी परमगुरू पोप बारावे पायस यांच्यापुढे भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी असाच प्रश्न मांडला होता. त्या वेळी कृत्रिम श्वासोच्छ्वासाचे यंत्र नवे होते. पोपसाहेबांच्या उत्तराचा आशय असा : आपले जीवन व आरोग्य राखण्यासाठी आवश्यक ते उपचार घेणे हे कर्तव्य आहे, परंतु ते कर्तव्य साधारण उपायांपुरते आहे. म्हणजे त्या व्यक्तीची परिस्थिती, स्थळ व काळ पाहता स्वतःवर वा दुसऱ्यांवर असह्य भार न टाकणारे उपाय. त्यापलीकडील उपाय कोणी स्वीकारले तर तो स्वतंत्र आहे. न स्वीकारले तर तो दोषी नाही. १९८० साली ख्रिस्तसभेने पुन्हा हेच स्पष्ट केले आणि २०१७ साली पोप फ्रान्सिस यांनी बाराव्या पायसांच्या त्याच भाषणाची आठवण देऊन डॉक्टरांना हेच सांगितले.

"दुसऱ्यांवर" हा शब्द विसरू नये. आपल्या देशात पंपाचा खर्च पन्नास लाखांपासून कोटीच्या घरापर्यंत जातो. पुढील औषधे, तपासण्या, प्रवास वेगळे. ज्या बापाला आपल्या आयुष्याच्या काही वर्षांपायी नातवंडांच्या तोंडचा घास जाताना दिसतो आणि म्हणून तो शांतपणे "नको" म्हणतो, तो जीव देत नाही. तो आजाराला त्याच्या वाटेने जाऊ देतो आणि आपले आयुष्य देणाऱ्याच्या हाती ठेवतो. उलट, मुलगे आपखुशीने भार उचलू इच्छितात आणि पित्यालाही जगण्याची उमेद आहे, तर यंत्र घेणे हेही तितकेच निर्मळ. येथे एक मार्ग पुण्याचा व दुसरा पापाचा असे नाही. पाप होईल ते दुसऱ्याच ठिकाणी : पित्याला न विचारता त्याचा निर्णय परस्पर घेण्यात, किंवा "खर्च कशाला" असे त्याच्या कानी पडेल असे बोलून त्याच्या तोंडून "नको" वदवून घेण्यात. भगिनीने आपल्या भावाशी एकांतात बसून एवढेच विचारावे : "दादा, तू स्वतःसाठी नको म्हणतोस, की आमच्या भीतीने?" उत्तर जे येईल त्याचा मान राखावा.

दुसरा प्रश्न अधिक कठीण. पंप बसविला, काही काळ लाभ झाला, आणि पुढे पक्षाघाताने वा इतर अवयव मिटल्याने देह परतीच्या पलीकडे गेला. पंप मात्र फिरतोच आहे. तो बंद करणे म्हणजे जीव घेणे काय? तो बंद केल्यावर मृत्यू बहुधा तासाभरात येतो, म्हणून हा प्रश्न घरच्यांच्या काळजाला झोंबतो. छातीत रुजलेले यंत्र हे देहाचाच भाग झाले असे समजून काही विद्वान येथे अडखळतात, हे मी लपवीत नाही. परंतु नीतिशास्त्राच्या बहुतेक अभ्यासकांचे मत असे की, पंप हा उपचार आहे. उपचाराचा लाभ संपून केवळ भार उरला तेव्हा तो थांबविणे म्हणजे मारणे नव्हे. मृत्यू येतो तो मूळ आजाराने, जो यंत्राने इतके दिवस थोपवून धरला होता. मात्र ज्याला लाभ होत आहे, त्याचा पंप केवळ जगण्याचा कंटाळा आला म्हणून बंद करणे ही गोष्ट निराळी. तेथे उपाय यंत्रावर नव्हे, दुःखावर व एकाकीपणावर करावयाचा असतो.

बार्नी क्लार्क यांच्याजवळ यंत्र बंद करण्याची एक किल्ली देऊन ठेवली होती, असे सांगतात. त्यांनी ती वापरली नाही. एकट्या रोग्याच्या हाती किल्ली देऊन बाकीच्यांनी बाजूला व्हावे, ही रीत मला पटत नाही. तो निर्णय रोगी, घरचे आणि डॉक्टर यांनी मिळून, शक्यतो रोगी शुद्धीवर असतानाच, पंप बसविण्यापूर्वी बोलून ठेवावयाचा आहे. आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही ९ मार्च २०१८ रोजी अशी इच्छा आगाऊ लिहून ठेवण्याचा अधिकार मान्य केला आणि जानेवारी २०२३ मध्ये तिची पद्धत सोपी केली. असे लिहून ठेवणे म्हणजे मृत्यूला बोलावणे नव्हे. आपण मृत्युपत्र करतो तेव्हा कोणी मरत नाही. मागे राहणाऱ्यांचे भांडण मात्र टळते. आणि रुग्णाभ्यंगाचा संस्कार शेवटच्या घटकेसाठी राखून ठेवू नका. मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वीही तो घेता येतो, तेव्हा धर्मगुरूला वेळीच बोलवा.

ज्या घरी हा प्रसंग आला असेल त्यांनी डॉक्टरांना न संकोचता हे प्रश्न विचारावेत : हा पंप हृदयारोपण मिळेपर्यंतचा की कायमचा? हृदय सावरून पंप काढण्याची आशा आहे काय? उजवी बाजू, मूत्रपिंडे, यकृत कसे आहेत? आपण असे किती पंप बसविले व त्यांतील किती रोगी आज घरी हिंडतात-फिरतात? पंप न घेतल्यास शेवटचे दिवस सुसह्य करण्यासाठी काय करता येईल? शेवटचा प्रश्न कधीही वगळू नका. पंप नाकारला म्हणजे उपचार संपले असे नाही. दम कमी करणारी, सूज उतरविणारी, वेदना शमविणारी औषधे शेवटपर्यंत देता येतात व द्यावयास हवीत.

आणि ज्यांच्या घरी आज असा प्रसंग नाही, त्यांनी तो येऊ नये म्हणून झटावे. लेकराचा घसा ताप येऊन सुजला तर दवाखान्यात न्यावे आणि दिलेले औषध पुरे करावे. दोन दिवसांत बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नये. चाळिशी ओलांडलेल्यांनी रक्तदाब व साखर तपासावी. लोणचे, पापड, खारवलेली मासळी यांना हृदयरोग्याच्या ताटात जागा नाही. पाय सुजू लागले, निजल्यावर दम लागू लागला, तर "वय झाले" म्हणून घरी बसू नये. शेवटी, आपल्या मागे आपले हृदय दुसऱ्या कोणाच्या छातीत चालावे असे ज्याला वाटते, त्याने ते घरच्यांना आजच सांगून ठेवावे. त्या घडीला डॉक्टर घरच्यांनाच विचारतात, आणि जे कधी बोललेच गेले नाही त्याला "हो" म्हणणे त्यांना फार जड जाते.